'द चीट'च्या मराठी पाट्या : चौथी नोंद

सेसिल बी. डमिल यांच्या १९१५ सालच्या 'द चीट' या मूकपटाच्या खटल्यापर्यंतच्या पाट्या, म्हणजे दृश्यांच्या मध्ये पडद्यावर येणारा लिखित मजकूर, या महिन्यात मराठीत करून झाल्या. रेडक्रॉसचे दहा हजार डॉलर सट्ट्यात घालवून बसलेली ईडिथ एका श्रीमंत आशियाई व्यापाऱ्याकडून स्वतःच्या बदल्यात पैसे घेते, आणि ते परत करायला जाते तेव्हा तो तिच्या खांद्यावर आपल्या मालकीच्या वस्तूंवर उठवायची मुद्रा तापवून डागतो, ती त्याच्यावर गोळी झाडते आणि खटला तिच्या पतीवर उभा राहतो, एवढे कथानक पुरेसे आहे.

काम अडले ते या व्यापाऱ्याच्या नावाशी. मूळ चित्रपटात तो हिशुरू तोरी नावाचा जपानी होता. अमेरिकेतील जपानी लोकांनी चित्रपटाला विरोध केला होता, त्यात महायुद्धात जपान अमेरिकेच्या बाजूला होता. म्हणून १९१८ साली चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना दृश्ये तीच ठेवून केवळ पाट्यांमधून त्याला ब्रह्मदेशातील हस्तिदंताचा व्यापारी हाका अराकाऊ करण्यात आले. आज आपण पाहतो ती हीच आवृत्ती. मुद्रेवरची जपानी तोरीची, म्हणजे देवळापुढच्या कमानीची, आकृती मात्र तशीच राहिली! माणूस कोणत्या देशाचा याच्याशी निर्मात्यांना कर्तव्य नव्हते, तो गोरा नाही एवढेच त्यांना पुरत होते. त्या काळी कॅलिफोर्नियात गोऱ्यांचा आणि कायद्याच्या भाषेतील 'मंगोलियन' लोकांचा विवाह अवैध होता आणि तो १९४८ पर्यंत तसाच राहिला, हे लक्षात घेतले की या प्रकरणाचा शेवट आधीच ठरलेला का वाटतो ते कळते.

एका पाटीवर मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची ओळ आहे. 'पूर्व ती पूर्व, पश्चिम ती पश्चिम, दोघींची गाठ पडायची नाही' असे मी केले, पण मराठीत दोन्ही दिशा स्त्रीलिंगी असल्यामुळे ते दोन जावांच्या अबोल्यासारखे वाटते. त्याच कवितेत पुढे, दोन खंबीर पुरुष समोरासमोर उभे राहिले की पूर्व-पश्चिम उरत नाही, असे म्हटले आहे. पाटीने तेवढे सोयीस्करपणे गाळले आहे.

खरा पेच 'तू' आणि 'तुम्ही'चा आहे. इंग्रजीला तो नाही. मेजवानीत दोघे एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. पैसे नाकारताना व्यापारी 'तू'वर येतो असे मी ठरवले. व्यापाऱ्याची भूमिका करणाऱ्या सेस्यू हायाकावांचा चेहरा त्या क्षणी जवळजवळ हलत नाही, आणि बदल शब्दातच दाखवावा लागतो. या एका भूमिकेने हायाकावा मोठे नट झाले आणि १९१८ साली त्यांनी स्वतःची हॉवर्थ ही चित्रसंस्था काढली.

न्यायालयाचा भाग उरला आहे. पती स्वतःवर गुन्हा घेत असताना ईडिथ उभी राहून गोळी आपण झाडल्याचे सांगते आणि खांदा उघडा करते. तिच्या तोंडी व्यापाऱ्यासाठी 'ते' ठेवायचे की 'तो', यावर दोन्ही मसुदे तयार आहेत. सध्या माझा कल 'तो'कडे आहे.