डोंगर जुळले, कठडा तुटला

फोटो टाका, बटण दाबा, पॅनोरमा तयार, असं सांगणाऱ्यांवर माझा अजून राग आहे. समोरच्या डोंगररांगेचे ओळीने काढलेले फोटो होते, प्रत्येकात शेजारच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा आलेला. सॉफ्टवेअरने ते झटक्यात जोडले. डोंगर असे बसले की सांधा शोधून सापडेना. खाली मात्र गच्चीच्या कठड्याचा आडवा पाइप मध्येच तुटून पुढे बोटभर खालून सुरू होत होता.

चीड आली ती प्रोग्रॅमच्या समाधानाची. कंट्रोल पॉइंटमधलं (दोन फोटोंत एकच जागा दाखवणाऱ्या खुणांमधलं) सरासरी अंतर एका पिक्सेलच्या आत, म्हणून जुळणी उत्तम म्हणे! सरासरीच ती. बहुतेक पॉइंट डोंगराच्या खडबडीत अंगावर, गुळगुळीत पाइपवर एकही नाही. काही तर ढगांवर होते. (ते आधी उडवा. दोन फोटोंच्या मधल्या वेळात ढग सरकलेले असतात.) मग पाइपवर हातानं पॉइंट दिले. पाइप थोडा सावरला, तर डोंगराच्या कडा दुहेरी दिसू लागल्या. कडा सुधारल्या की पाइप परत तुटे. पुन्हा ऑप्टिमाइझ, म्हणजे पॉइंट जुळावेत म्हणून फोटोंची मांडणी नव्याने, आणि पुन्हा तेच.

हे पॅरलॅक्सचं, म्हणजे कॅमेऱ्याची जागा हलली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूसमोर सरकलेली दिसण्याचं, दुखणं आहे आणि ऑप्टिमाइझ करून ते जात नाही. हातात धरलेला कॅमेरा लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती (समोरून लेन्समध्ये पाहिल्यावर छिद्र जिथे दिसतं त्या जागेभोवती) फिरत नाही, आपल्या अंगाभोवती फिरतो, त्यामुळे प्रत्येक फोटोत लेन्सची जागा थोडी बदलते. दूरच्या डोंगराला त्याचा पत्ताही लागत नाही, हाताशी असलेल्या कठड्याला मात्र तेवढं पुष्कळ होतं. दोघांनाही चालेल अशी एकच मांडणी मुळात नसतेच.

तेव्हा पाइपवरचे सगळे पॉइंट काढून टाकले, जुळणी फक्त डोंगरांवर ठेवली आणि सांधा कुठून न्यायचा हे मास्कने, म्हणजे फोटोचा कोणता भाग घ्यायचा ते आखून, स्वतः ठरवलं. हगिन या फोटो जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नको असलेला भाग वगळणारा आणि हवा तो राखणारा, असे दोन्ही मास्क मिळतात. फोटोशॉपच्या फोटोमर्ज या जोडणीच्या सोयीत प्रत्येक फोटो वेगळ्या लेअरवर (थरावर) आपल्या मास्कसकट येतो, तोच रंगवायचा. सांधा मी कठड्याच्या उभ्या खांबाच्या कडेने नेला. पाइप तिथे तसाही खांबात शिरतो, त्यामुळे उरलासुरला फरक खांबाने गिळला. ही युक्ती मला स्वतःला सुचली, म्हणून दोन वेळा सांगायलाही माझी हरकत नाही.

फोटो काढतानाची गोष्ट राहिली: एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) मॅन्युअलवर बांधून टाका, नाहीतर आकाशात पट्टे उमटतात. क्षितिज लाटेसारखं आलं तर खांबांसारख्या उभ्या रेषांवर व्हर्टिकल लाइनचे, म्हणजे ही रेष उभी आहे असं प्रोग्रॅमला सांगणारे, पॉइंट द्या. आणि क्रॉप करण्याआधी १६ बिट टिफ फाइल सेव्ह करा.

प्रोजेक्शन, म्हणजे भोवतालचं दृश्य सपाट चित्रावर पसरायची पद्धत, मी सिलिंड्रिकल (नळकांड्यावर पसरल्यासारखी) ठेवलं. त्यात उभ्या रेषा सरळ राहतात, पण क्षितिजाखालचा पाइप उलट्या कमानीसारखा वाकतो. हा बाक जोडणीचा दोष नाही. रेक्टिलिनिअर (सरळ रेषा सरळच ठेवणारं) निवडलं की पाइप सरळ होतो, पण चित्र १२० अंशांच्या आसपास गेलं की दोन्ही टोकांचे डोंगर ताणून निघतात. मी बाक पत्करला.