विळा तांबूस झाला की

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'रसायनशास्त्राची गोडी कशी लागली' यावर चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि मला आधी ॲसिटोनचा वास आठवला. तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरची पोर मी. आमच्याकडे पोरांना पीपीएम म्हणजे काय, म्हणजे दहा लाख भागांत औषधाचे किती भाग, हे पाढ्यांच्या जोडीनंच कळतं. शाळेची पायरीही न चढलेल्या शेजारच्या काकू घड बुडवायला बागेत आल्या की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज किती पीपीएमचं?" शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जिबरेलिक ॲसिड, म्हणजे द्राक्षाचे मणी फुगवणारं संजीवक, टाकलं की दहा पीपीएम. ती पांढरी पूड थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी ॲसिटोनमध्ये विरघळवून मग पाण्यात ओतायची, हेही त्यांना तोंडपाठ. का विरघळत नाही, असं मी विचारलं की उत्तर यायचं, "न्हाई विरघळत, म्हणून."

नववीत सरांनी मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात लोखंडी खिळा टाकून काचेचा पेला खिडकीत ठेवला. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलपाचं कपाट, दोन स्पिरिटचे दिवे आणि काठ उडालेल्या परीक्षानळ्या. किल्ली सरांच्या शर्टाच्या खिशात. दुसऱ्या दिवशी खिळ्यावर तांबूस थर आणि द्रावणाचा निळा रंग उतरलेला. वर्ग 'हाऽऽ' करत होता. मी बोलून गेले, "सर, आमच्या विळ्यालाबी असंच होतंय. मग अण्णा चुना वाढवत्यात."

सर थांबले. मला वाटलं, मध्ये बोलले म्हणून आता उभं करणार. पण ते येत्या रविवारी सायकल मारत आमच्या मळ्यात हजर.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस. केवडा या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं बोर्डो मिश्रण करायचं चाललं होतं. एका प्लास्टिकच्या पिंपात पन्नास लिटर पाण्यात किलोभर मोरचूद, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात किलोभर कळीचा चुना विरवलेला. दोन गडी दोन्हीकडून धार धरून तिसऱ्या पिंपात ओतत होते आणि आकाशी रंगाचा साका वर येत होता. अण्णांनी विळ्याचं पातं त्यात बुडवलं, थोडं थांबून वर काढलं आणि उन्हात धरलं.

"हे कुठं शिकला तुम्ही?" सरांनी विचारलं.

"शिकायचं काय त्यात? तांबूस झाला की चुना कमी पडलाय. तसंच मारलं तर पानं करपत्यात."

सर तिथंच बांधावर बसले आणि काटकीनं मातीत समीकरण लिहिलं. लोखंड द्रावणात जातं, तांबं बाहेर येऊन पात्यावर बसतं. चुना पुरेसा असेल तर मोकळं तांबं उरतच नाही, मग पात्यावर बसणार काय? अण्णा मान डोलावत होते, पण त्यांचं लक्ष पिंपाकडे होतं. माझं मात्र त्या काटकीकडे. बागेतल्या 'म्हणून'ला त्या दिवशी पहिल्यांदा 'का' मिळालं.

सरांनी तिथंच एक गोष्टही सांगितली. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरू द्राक्षं तोडतात म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फासून ठेवायचे. केवड्यानं बाकीच्या बागांची पानं झडली, रस्त्याकडेची टिकली. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या ते नजरेत भरलं आणि 1885 मध्ये त्यानं हे औषध म्हणून जाहीर केलं. ही गोष्ट ऐकताना माझी मान खाली होती. शाळेच्या वाटेवरच्या बागेतले निळे डाग पडलेले घड आम्ही परकराला पुसून खात होतो. आमच्यापुढे त्या डागांचा काही उपयोग झाला नव्हता, हे आज छापून कबूल करते.

दहावीनंतर घरात माझ्यासाठी डी.एड. ठरलं होतं. सर पुन्हा सायकलवरून आले. या वेळी बांधावर न बसता सोप्यात बसले आणि दोन कप चहा होईपर्यंत विषयच काढला नाही. निघताना चपला घालत म्हणाले, "अण्णा, हिला केमिस्ट्रीला घाला. विळा हिनं आधी बघितलाय, बाकीची पोरं पुस्तकात बघणार." अण्णा काही बोलले नाहीत. पण सांगलीचा एसटीचा पास निघाला.

विलिंग्डन महाविद्यालयातली तीन वर्षं म्हणजे क्षारांचं पृथक्करण. नायट्रेट ओळखायची तपकिरी कडी परीक्षानळीत पहिल्यांदा जमली त्या दिवशी जेवण विसरले होते. किपच्या उपकरणातल्या हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास कपड्यांत इतका भिनायचा, की परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा तासगावपर्यंत रिकामी. पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. झालं. पीएच.डी. करायची होती, पण त्या वर्षी गारपिटीनं बाग झोपली आणि मी पुण्यात द्राक्षांतले औषधांचे अंश तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. लग्न, मुलं, सगळं रीतसर.

2010 साली युरोपात आपली द्राक्षं अडकली. क्लोरमेक्वाट सापडलं होतं. आपल्याकडे शेंड्याची वाढ रोखायला मारतात ते. तिथली तेव्हाची मर्यादा 0.05 पीपीएम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. गावाकडून फोनवर फोन. "ताई, एवढी मोठी मशिनं तुमची, आधी कसं दिसलं न्हाई?" उत्तर रसायनशास्त्रातच होतं. क्लोरमेक्वाटच्या रेणूवर कायमचा धन प्रभार, त्यामुळे त्याचा जीव पाण्यात. आम्ही द्राक्षांचा अर्क काढायचो इथाइल ॲसिटेट या पाण्यापासून वेगळ्या राहणाऱ्या द्रावकात, तिथं तो फिरकणारच नाही. त्याला वेगळी पद्धत लावावी लागते. हे फोनवर समजावताना मला बागेतल्या काकूंची आठवण आली. एक पदार्थ पाण्यात येत नाही, दुसरा पाणी सोडत नाही. लहानपणी विचारलेला प्रश्नच उलटा होऊन समोर उभा होता, आणि त्या पायी लोकांचे कंटेनर अडकले होते. त्याच वर्षी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. सात वर्षं लागली. धाकट्याच्या शाळेचे डबे आणि माझे नमुने एकाच फ्रीजमध्ये नव्हते, एवढंच काय ते सांगते.

गेल्या ऑक्टोबरात गावी गेले होते. अण्णा आता ऐंशीला टेकलेत, पण बोर्डो त्यांच्या देखरेखीशिवाय होत नाही. मी पर्समधून आम्ल-अल्क सांगणारी पीएचची पट्टी काढून पिंपात बुडवली, रंग ताडून पाहिला आणि म्हटलं, "अण्णा, बरोबर आहे, चालू द्या."

त्यांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, माझ्याकडे परत दिली आणि गड्याला म्हणाले, "विळा आण रं."