पाइल्स नको, हीप्स लिही

नागपूरच्या नंदनवन भागात घरीच ट्युशन घेते मी. परवा नववीतल्या एका पोरानं फळ्यावर लिहिलं, ‘आय हॅव पाइल्स ऑफ होमवर्क.’ वाक्य सोळा आणे बरोबर, पण मागच्या रांगेत जे खिदळणं सुरू झालं ते थांबेचना. पोरांचा तरी काय दोष? हा शब्द त्यांनी पुस्तकात नाही, भिंतींवर वाचलाय. मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन इलाज अन् खाली मोबाइल नंबर.

मी समजावून पाहिलं. ढीगवाला ‘पाइल’ लॅटिनमधल्या खांबावरून आला, आजारवाला चेंडूवरून. स्पेलिंग जुळलं, नातं काही नाही. हे ऐकून तर ते आणखीच हसले. चेंडू म्हणायलाच नको होतं. शेवटी म्हटलं, “बाबू, तू हीप्स लिही.”

“हीप म्हणजे काय मॅडम?”

“ढीग.”

“अन् स्टॅक?”

“तोही… ढीगच.”

इथं मी अडकले, कारण दोन्ही एक नाहीत. कळमन्याच्या बाजारात ट्रकमधून संत्री जमिनीवर ओततात अन् ढेरी लागते, तो हीप. तीच संत्री क्रेटमध्ये भरून एकावर एक रचली की स्टॅक. पाइल दोन्हीकडं चालतो. हीपला शिस्त नसते. म्हणून पलंगावरच्या न घडी केलेल्या कपड्यांना हीप, भंगाराला स्क्रॅप हीप, अन् मोजायचा कंटाळा आला की ‘हीप्स ऑफ टाइम’. कौतुकसुद्धा इंग्रजीत कोणावर हीप करतात. आपण वर्षाव करतो. नागपूरच्या उन्हात पाऊस बरा वाटत असेल, ढिगारा अंगावर कोणाला हवा?

स्टॅकचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत, अर्थ गवताची गंजी. हे सांगताना मला सासूबाई आठवल्या. त्यांचं माहेर मोहाडीकडचं. त्यांच्या तोंडी सगळ्याला एक ढीग कधीच नसतो. धानाचे पुंजणे, सोयाबीनची सुडी, कडब्याची गंजी, खळ्यावर मळून झालेल्या दाण्यांची रास. (ही रास अन् पत्रिकेतली रास एकच. ताऱ्यांचाही ढीगच की तो.) पोत्यांची थप्पी, ताटांची चवड, नाण्यांची चळत. अन् मी आपली पोरांना ढीग, ढीग करत बसले होते.

त्याच संध्याकाळी केक करायला घेतला. रेसिपीत ‘वन हीप्ड टीस्पून’ बेकिंग पावडर. मागच्या वेळी मी चमचा सपाट करून घातला होता अन् केकची पार भाकर झाली होती. मुलानं विचारलं, हीप्ड म्हणजे किती? चमचा डब्यात बुडवून वर डोंगर आला तसा दाखवला अन् म्हटलं, “असा. याला मराठीत शब्द नाही.”

सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “शीग म्हणतेत त्याले. एवढं इंग्रजी शिकवतं अन् शीग माहीत नाही तुले?”

शीग! पायलीच्या, म्हणजे धान्य मोजायच्या मापाच्या, काठावर दाण्यांचं जे टोक उभं राहतं ते. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ हे मी निबंधात दरवर्षी पन्नास पोरांकडून लिहून घेते. ती शीग धान्याची, हे डोक्यात कधी आलंच नाही.

मग त्यांनीच सांगितलं. धान विकायला काढला की भांडण भावावरून कमी अन् शिगेवरून जास्त. व्यापारी आपला माल घेताना पायलीवर शीग धरायचा. तोच उन्हाळ्यात धान विकायला बसला की वरून तळहात फिरवायचा.

“मग तुम्ही काय करायच्या?”

“मी? मी माही पायली घेऊन जात होती.”

केक या वेळी फुगला.