चालतं का?

लग्नानंतरच्या पहिल्या आषाढीला मी भगरीला जिऱ्याची फोडणी दिली. वास माजघरापर्यंत गेला आणि सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आमच्यात जिरं चालत नाही गं." भगर बाजूला झाली, दुसरी चढली. मग त्यांनी कोथिंबिरीची जुडी पुढ्यात ओढली आणि दाण्याच्या आमटीवर मूठभर बारीक चिरून घातली. आता बघत राहायची पाळी माझी. माझ्या माहेरी, सांगलीकडे, उपासाच्या दिवशी कोथिंबीर फ्रिजच्या बाहेरसुद्धा येत नसे. जिरं मात्र खुशाल चालायचं.

चिपळुणात चालतं ते सांगलीत चालत नाही. सांगलीतसुद्धा आमच्या घरी चालणारं शेजारच्या घरी चालतंच असं नाही. टोमॅटोवरून तर सख्ख्या बहिणींमध्ये अबोला धरलेला मी पाहिलाय. हे नियम कुठल्या पोथीतून येत असतील असं मला वाटत नाही. ते सासूकडून सुनेकडे येतात आणि कारण विचारलं की उत्तर एकच, "आमच्यात नाही चालत."

माझे सासरे माळकरी. दशमीला एकदाच जेवायचं, एकादशीचा उपास, द्वादशीला सकाळी बारस सोडायची. तुकोबांनी एकादशीला जेवणाऱ्यांसाठी जे शब्द वापरलेत ते मला इथे लिहवत नाहीत, सासऱ्यांना मात्र ते पाठ. कॅलेंडरवर कधी स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत दुसऱ्या दिवशी असते. सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे शहाण्णव मिनिटं, अरुणोदयाची. तेव्हा दशमी शिल्लक असली तर भागवतवाले, म्हणजे सासऱ्यांसारखे वारकरी, त्या दिवशी उपास धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी धरतात. सासूबाई पडल्या स्मार्त. त्यामुळे असा योग आला की आमच्याकडे दोन दिवस साबुदाणा भिजतो आणि मुलं पंचांगकर्त्यांना दुवा देतात.

साबुदाणा भिजवणं हे मात्र सासूबाईंकडूनच शिकावं. दोनदा धुवायचा, पाणी काढायचं आणि मग दाण्यांच्या वर नखभर राहील इतकंच पाणी ठेवून झाकायचा. सकाळी एक दाणा उचलून दोन बोटांत दाबायचा. पिठूळ झाला तर ठीक, मध्ये कडक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अजून अर्धा तास. दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर आधीच चोळून ठेवायची, तुपात मिरच्या आणि बटाटा परतून मगच साबुदाणा. झाकण ठेवून विसरलात की खिचडीचा गिचका झालाच म्हणून समजा.

गंमत अशी की या ताटातलं फार थोडं इथलं आहे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा, मिरची आणि रताळंही अमेरिकेतूनच आलेली. कोलंबस निघाला १४९२ साली आणि ज्ञानोबांनी समाधी घेतली १२९६ साली. म्हणजे माउली आज आमच्या घरी उपासाला आल्या, तर अर्ध्याअधिक ताटाकडे बोट करून विचारतील, हे काय आहे? भगर तेवढी ओळखतील. आणि भगर तर चक्क धान्य! गवताला लोंबी येते, तिच्यातून दाणा निघतो, कुटून शिजवतात. ते चालतं, तांदूळ नाही चालत. सासऱ्यांना हे एकदा ऐकवलं तेव्हा म्हणाले, "मग काय, भगर बंद करू?" मी विषय वाढवला नाही, भगर मलाही आवडते.

देवालाही आमच्याकडे उपासच. पितळेच्या छोट्या विठोबापुढे वाटीत भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि प्रत्येकावर तुळशीचं पान. द्वादशीला तुळस तोडायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याची पानं आदल्या दिवशीच खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, हे काम सासऱ्यांचं. जगन्नाथपुरीत मात्र एकादशीलाही भाताचा महाप्रसाद खातात. तिथे देवाने एकादशीला उलटी टांगून ठेवली आहे अशी कथा सांगतात. ही कथा मी सासूबाईंना सांगितली. त्या थोडा वेळ विचारात पडल्या, मग म्हणाल्या, "त्यांच्यात चालत असेल."

आषाढीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद, म्हणून त्या दिवशी भजी, भरीत, कांद्याची थालीपीठं, सगळं एकाच बैठकीत. संयमाची इतकी खमंग पूर्वतयारी मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

गेल्या आषाढीला लेकीचा बंगळुरूहून फोन आला. "आई, क्विनोआ चालतो का उपासाला?" मी फोन तसाच धरून सासूबाईंना विचारलं. क्विनोआ म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं. राजगिऱ्याच्या कुळातला, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"राजगिऱ्याचा भाऊबंद ना? मग चालतो की. दाण्याचं कूट घाल म्हणावं, वरून कोथिंबीर. जिरं नको."

मी निरोप सगळा पोचवला. मग फोन घेऊन गॅलरीत गेले आणि हळूच म्हटलं, "थोडं जिरं घातलंस तरी चालेल."