ब्रेनची तळी आणि आईची कासवं

धाकटी बहीण लग्नानंतर फ्रान्सच्या ब्रेन भागात राहायला गेली, तेव्हा तिथं बघण्यासारखं काय आहे असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "तळी. आणि मग आणखी तळी." यंदा मेअखेरीस तिच्याकडे दहा दिवस राहून आलो. मी, बायको, नऊ वर्षांचे चिरंजीव आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई.

ब्रेन म्हणजे मध्य फ्रान्समधल्या अँद्र जिल्ह्याचा पश्चिम भाग. 'हजार तळ्यांचा मुलूख' असं त्याला म्हणतात, पण मोजायला बसलात तर तळी तीन हजारांच्या वर भरतात. बहुतेक सगळी माणसांनी बांधलेली. जमीन चिकण, पाणी धरून ठेवणारी, शेतीला कुचकामी. मध्ययुगात मठवाल्यांनी आणि जमीनदारांनी बांध घालून त्यात मासे सोडले, कारण उपासाला मांस चालत नसे आणि मासा चालायचा. (असे उपास आम्हीही वर्षभर धरले असते.) आजही थंडीच्या दिवसांत तळी रिकामी करून कार्प काढतात.

पॅरिसच्या ओस्तेर्लित्झ स्टेशनवरून शातोरूपर्यंत रेल्वेनं साधारण दोन तास लागतात. पुढे स्वतःची गाडी हवीच. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच बुक करा आणि रविवारी उतरू नका. आम्ही उतरलो, गाडी भाड्यानं देणारं ऑफिस बंद होतं, मेहुण्याला सगळं काम टाकून यावं लागलं. खेड्यांतून जाताना पाटी नसेल तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही फुटकळ गल्लीतून येवो.

नातेवाइकांकडे राहणार असाल तर व्हिसासाठी एक कागद लागतो, 'आतेस्तासिओं दाक्कय'. तो यजमानानंच तिथल्या 'मेरी'तून, म्हणजे नगरपालिकेतून, काढायचा. 30 युरोंचा स्टँप लागतो. मूळ प्रत लागते, म्हणून कुरिअरचे दिवस धरूनच सुरुवात करा.

आता मुख्य गोष्ट. बरीचशी तळी खासगी आहेत, तारेच्या कुंपणापलीकडची. त्यामुळे कुठंही गाडी थांबवून पाण्याकडे चालत सुटायची सोय नाही. सरळ शेरीनच्या राखीव क्षेत्रात जा. 1985 पासून ते संरक्षित आहे आणि तिथं लाकडी हाइड, म्हणजे लपून पक्षी बघायच्या खोल्या, बांधलेल्या आहेत. काही हाइड पार्किंगपासून थोड्याच अंतरावर आहेत, आईला काठी टेकत जाता आलं. आधी रोस्ने गावाजवळच्या 'मेझों द्यू पार्क'मध्ये, म्हणजे इथल्या निसर्ग उद्यानाच्या माहिती केंद्रात, डोकावून नकाशा घ्या, कारण कुठल्या तळ्यावर सध्या काय दिसतंय ते तिथली माणसं सांगतात.

पहिल्या दिवशी मी दुर्बीण घेऊन या हाइडमधून त्या हाइडमध्ये पळत होतो. आई एकाच बाकावर बसून राहिली. तासाभरानं मी परतलो तर ती म्हणाली, "तेरा." पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यावर कासवं ओळीनं ऊन खात बसली होती. ही युरोपातली 'सिस्त्यूद'. पाठ काळी आणि मानेवर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखे पिवळे ठिपके. मागून एक वर चढलं की पुढचं पाण्यात पडायचं, आणि आई आकडा बदलायची. दुसऱ्या दिवसापासून मीही तिच्या शेजारी बसलो.

बसल्यावर दिसला तो सुरय. भिगवणला हिवाळ्यात हाच पक्षी आपण पाहतो, फिकट, पांढुरका. इथं त्याचा विणीचा थाट: काळी टोपी, पांढरे गाल, खाली पोट गडद राखाडी. कमळाच्या तरंगत्या पानांवर काडीकचरा रचून घरटं केलेलं, मादी अंड्यांवर आणि नर चोचीत इवलासा मासा घेऊन तिच्यासमोर उतरतोय. (जात तीच, पण इथले हे पक्षी आपल्याकडे येत नाहीत, त्यांची थंडी आफ्रिकेत जाते. मला आपलं उगाच गाववाले भेटल्यासारखं झालं.) जांभळा बगळा, हळद्या, घार, हुदहुद अशी ओळखीची मंडळी आणखीही भेटली. चिरंजीवांनी "बीव्हर!" म्हणून जे ओरडून दाखवलं ते कॉय्पू निघालं, दक्षिण अमेरिकेतून आणलेला आणि आता तिथं डोकेदुखी झालेला भला मोठा उंदीर.

गोचिडांची मात्र थट्टा करू नका. गवतातून गेलात तर पँट मोज्यात खोचा आणि रात्री मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांत बघा. आमच्या चिरंजीवांच्या गुडघ्यामागे एक सापडली. फार्मसीत त्यासाठी प्लास्टिकचा छोटा आकडा मिळतो, तो अलगद फिरवला की गोचीड अख्खी निघते. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल चकंदळ पसरलं तर डॉक्टर गाठायचा, लाइम आजाराची ती खूण.

खाण्याची वेळ पाळा. सव्वादोनला एका हॉटेलात पोचलो, तर चूल विझलेली. शेवटी गाडीतच पाव आणि पुलिन्यी-सँ-पिएर खाल्लं. हे शेळीच्या दुधाचं, पिरॅमिडच्या आकाराचं इथलं चीज. कट्टर शाकाहारी असाल तर विचारून घ्या. पारंपरिक फ्रेंच चीजला दूध गोठवण्यासाठी बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट लावतात. आईला आम्ही हे तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर तिनं दीड पिरॅमिड संपवला होता.

शेवटच्या संध्याकाळी, साडेआठला, लख्ख उजेडात घरी परतत होतो. बहिणीनं एकदम ब्रेक मारला. डांबरी रस्त्यावर एक सिस्त्यूद, मान ताणून, एकेक पाय टाकत चाललेली. ही मादी अंडी घालायला पाणी सोडून वाळूसर कुरण शोधत निघते, बहिणीनं सांगितलं. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. चिरंजीव उतरायला निघाले, तेव्हा आईनं त्याचा दंड धरला.

"बस गप. पोटुशी आहे ती. जाऊ दे सावकाश."

कासव पलीकडच्या गवतात शिरलं. गाडी सुरू झाल्यावर आई पुटपुटली, "चौदा."