काजूच्या टरफलापासून रेझिनपर्यंत : आमची वाटचाल

शंभर किलो काजू बी फोडली तर गर निघतो जेमतेम २५ ते ३० किलो. बाकी बहुतेक टरफल. कुडाळजवळ वडिलांचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना होता आणि मागच्या अंगणात टरफलांचा ढीग कायम. थोडी वीटभट्टीवाले जळणाला नेत, उरलेली आमच्याच बॉयलरखाली जात. त्यांचा धूर काळाकुट्ट आणि डोळ्यांना झोंबणारा, त्यामुळे शेजाऱ्यांची रोजची भांडणं. आज ‘हरित उद्योग’ म्हणून लोक आमची पाठ थोपटतात, पण सुरुवात झाली ती या धुराची कटकट मिटावी आणि चार पैसे सुटावेत म्हणून.

टरफलाच्या आत जाळीदार थर असतो, त्यात तपकिरी तेल. व्यापारात त्याला सीएनएसएल (कॅश्यू नट शेल लिक्विड) म्हणतात. टरफलाच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास ते मिळतं. काजू हा बिब्ब्याच्या कुळातला, त्यामुळे हे तेलही अंगावर उततं. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल लावून बसतात ते त्यासाठीच. वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडे वाशांना आणि होड्यांना ते पूर्वापार फासत आले. या तेलाचा कडक, पाणी न शिरणारा थर धरतो हे कोकणाला ठाऊक होतं. त्यावर कारखानदारी उभी राहिली मात्र अमेरिकेत. मॉर्टिमर हार्वे या रसायनशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकापासून त्यावर पेटंटं घेतली आणि पुढे वार्निश, विजेचं इन्सुलेशन, ब्रेक लायनिंग (ब्रेकचा घासणारा थर) अशी त्याची वाट निघाली. कच्चं तेल आपण पाठवायचं आणि त्याचं सोनं दुसऱ्याने करायचं, ही तेव्हापासूनची रीत.

आम्हीही पहिली काही वर्षं तेच केलं. दाबून तेल काढणारा एक्सपेलर घेतला, आजूबाजूच्या कारखान्यांची टरफलं उचलली, तेल ड्रममध्ये भरून व्यापाऱ्याला दिलं, पेंड जळणाला विकली. भाव व्यापारी सांगेल तो. मी रसायनशास्त्र शिकून घरी आलो तेव्हा वडिलांशी वाद झाला तो याच मुद्द्यावर. त्यांचं म्हणणं, आपण काजूवाले, रसायनवाले नव्हे. शेवटी त्यांनीच जागा विकून, तेलावर प्रक्रिया करायच्या बंद भांड्याचे, म्हणजे पहिल्या रिअ‍ॅक्टरचे पैसे उभे केले.

ताज्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे कार्डेनॉल राहतं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आधी पाणी उडतं, मग वायू सुटू लागला की फेस असा चढतो की घाई करणाऱ्याची अर्धी बॅच जमिनीवर. म्हणून भांडं कधी काठोकाठ भरायचं नाही आणि आच हळूहळू वाढवायची. पुढे व्हॅक्यूमखाली ऊर्ध्वपातन केलं की फिकट पिवळसर कार्डेनॉल हाती येतं. हे फिनॉलचंच भावंड, पण त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी. फॉर्मल्डिहाइड या रसायनाशी त्याचा संयोग केला की रेझिन, म्हणजे तापवल्यावर कडक होणारी राळ, तयार होतं. खनिज तेलापासूनच्या साध्या फिनॉलचं रेझिन ठिसूळ असतं. या शेपटीमुळे आमचं रेझिन लवचिक राहतं आणि पाण्याला दाद देत नाही. ब्रेक लायनिंगवाले ते घेतात कारण ब्रेक कमी किंचाळतो. झाडापासून झालंय म्हणून कोणीही एक रुपया जास्त दिलेला नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. खाणीतून किंवा रिफायनरीतून येणारा माल वर्षभर बराचसा एकसारखा असतो. टरफल तसं नसतं. मार्च ते मे स्थानिक वेंगुर्ला जातींची बी, नंतर कारखान्यांत आफ्रिकेतली बी, पावसाळ्यात दमट गोदामात पडून राहिलेली टरफलं. प्रत्येकाचं तेल निराळं. एका मोठ्या ग्राहकाने आमचा टँकर गेटवरूनच परत पाठवला होता, तोही आधीच्या बॅचसारखाच वाटणारा माल असताना. त्या दिवसापासून खरेदीचं गणित बदललं : टरफलं गावानुसार आणि हंगामानुसार वेगळी साठवायची, तेल मिसळायचं ते चाचणी झाल्यावरच.

त्यातली माझी आवडती चाचणी अजूनही हाताची आहे. दीडशे अंशांच्या गरम पाटीवर हेक्सामिन हे कडक करणारं रसायन मिसळलेलं चिमूटभर रेझिन टाकायचं, स्टॉपवॉच सुरू करायचं आणि पात्याने घोटत राहायचं. आधी ते पातळ पसरतं, मग पात्याला तार धरू लागतं, लाडवाच्या पाकासारखं, आणि एका क्षणी तार तटकन तुटते. तेवढे सेकंद वहीत लिहायचे. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सावंतबाई घड्याळाकडे न पाहता सांगतात, ‘दादा, ही बॅच आज लवकर बसणार.’ बहुधा बसते. यंत्रं आम्ही घेतली आहेत, पण ती बाईंशी जुळतात की नाही हे आधी पाहतो.

२०१८ला महाराष्ट्रात आणि २०२२ला देशभर प्लास्टिकबंदीचे नियम आले तेव्हा पिशव्या मागणारे फोन सुरू झाले. त्यांना समजावून सांगता सांगता पुरेवाट झाली. कुजणाऱ्या पिशव्यांचं पॉलीलॅक्टिक आम्ल साखर किंवा स्टार्च आंबवून बनतं, ते शास्त्र वेगळं. जेजुरीत प्राज इंडस्ट्रीजने २०२४मध्ये त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला आहे. आमचं रेझिन एकदा कडक झालं की वितळत नाही, कुजतही नाही. शिवाय त्यात लागणारं फॉर्मल्डिहाइड मिथेनॉलपासून येतं आणि मिथेनॉल बहुतांशी नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं आम्ही ड्रमवर छापत नाही. एका वितरकाने छापा म्हणून आग्रह धरला, त्याचा माल बंद केला. जमेची बाजू एवढी की कच्चा माल कोणाच्या ताटातून काढलेला नाही.

सध्या जीव अडकलाय तो फिनाल्कामाइनमध्ये. कार्डेनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि अमाइन यांपासून बनणारा हा इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे इपॉक्सी रंग किंवा लेप घट्ट करणारा घटक. साधे अमाइन हार्डनर दमट हवेत वर पांढुरका चिकट थर सोडतात. हा ओलसर पृष्ठभागावरही धरतो, म्हणून जहाजांच्या रंगात तो जगभर वापरतात. चाचणीला आमच्याकडे जुलै महिना फुकट आहे. बंदरावरच्या एका बर्फ कारखान्याची फरशी गेल्या पावसात केली, ती टिकली आहे. दोन रंगवाल्यांकडे नमुने गेलेत, त्यांचं उत्तर यायचंय.

व्हिएतनामचं स्वस्त तेल मात्र डोक्यावर टांगलेलं आहेच. आणि ज्या टरफलांना पूर्वी कोणी विचारत नव्हतं, त्यांचा भाव ठरवायला काजूवाले आता आधी मला फोन करून तेलाचा दर विचारतात. मी सांगतो त्यापेक्षा दोन रुपये जास्तच मागतात.