रबरी पडद्याचा स्पीकर, नोंद 4: जवारी ऐकू आली

मंडळी, महिनाभर या पडद्यावर तानपुऱ्याचा नुसता घुमारा येत होता, जवारी, म्हणजे तारांची बारीक झिणझिण, गायब. ॲक्रिलिक रबरच मंद आहे असं मी मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते मागे घेतो. खरा अडथळा इलेक्ट्रोडचा, म्हणजे रबराला व्होल्टेज देणाऱ्या कार्बनच्या थराचा होता.

नव्या मित्रांसाठी थोडक्यात: 1 मिमी जाडीची व्हीएचबी 4910 ही ॲक्रिलिक रबराची चिकट टेप दोन्ही दिशांना चौपट ताणली की साधारण 62 मायक्रॉनचा पडदा होतो. दोन्ही बाजूंना कार्बन लावून व्होल्टेज दिलं की कार्बनचे थर एकमेकांना ओढतात, रबर दबून आडवं पसरतं. सपाट पडदा हवा ढकलत नाही, म्हणून मागून थोडी हवा भरून तो पुरीसारखा फुगवायचा. 8 सेंमी व्यासाच्या पडद्याचं वजन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. उद्यमबागेत ज्या काकांनी लेथवर रिंग करून दिली, ते विचारत होते, "ह्यात मॅग्नेट कुठं हाय रे?" मॅग्नेट नाहीच, काका!

दाब व्होल्टेजच्या वर्गावर चालतो. बायस, म्हणजे सतत लावलेलं स्थिर व्होल्टेज, दिला नाही तर 'सा' लावल्यावर वरचा 'सा' वाजतो. म्हणून 2500 व्होल्ट बायस आणि त्यावर 300 व्होल्टच्या आसपास गाणं. या प्रमाणात दुसरा हार्मोनिक, म्हणजे तो नको असलेला वरचा 'सा', 3 टक्क्यांवर राहतो, कानाला खुपत नाही.

आता मूळ मुद्दा. इलेक्ट्रोडला मी फौंड्रीतली ग्रॅफाइट पूड चोळली होती. सपाट असताना मीटर 40 किलोओहम दाखवायचा, फुगवल्यावर कण लांब जाऊन 100 किलोओहम. पडद्याची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण 3.3 नॅनोफॅरॅड. रोध जास्त असला की ही धारिता भरायला वेळ लागतो आणि वरचे सूर पडद्यापर्यंत पोचत नाहीत. ढोबळ हिशेब केला तर 480 हर्ट्झच्या वर सगळं उतरत जाणार! हा हिशेब पहिल्याच दिवशी करायला हवा होता. पूड पुसून कार्बन ग्रीसचा पातळ थर दिला, फुगवूनही 8 किलोओहम आला. म्हणजे मर्यादा 6000 हर्ट्झपर्यंत सरकली.

रात्री कुमार गंधर्वांचं ध्वनिमुद्रण लावलं. सुळेभावीत जन्मलेला तो आवाज बेळगावातल्याच माझ्या टेबलावर, अर्ध्या ग्रॅमच्या पडद्यातून आला आणि मागे तानपुऱ्याची झिणझिण स्पष्ट ऐकू आली. मी बराच वेळ उठलो नाही.

एक कळकळीची सूचना: बंद केल्यावरही बायसचा कपॅसिटर भरलेला राहतो. तो रेझिस्टरमधून रिकामा केल्याशिवाय हात लावू नका.

दुसरा पडदा मात्र पावसाळी हवेत कडेला ठिणगी पडून फाटला. आता कडेचा 1 सेंमी भाग कोरा ठेवून तिसरा ताणतोय.